धाकटा भाष्यकार

परतूरच्या स्टेशन रोडवरच्या त्या घरात माणसं राहायची दोन, पण भांडणं व्हायची चौघांची. दोघं म्हणजे श्रीपतीसर आणि त्यांची बायको अरुंधती. उरलेले दोघं केव्हाच मेलेले ग्रीक. मेलेली माणसं भांडत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या घरी एकदा जेवायला जायला हवं होतं.

सर जालन्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. रोज परतूरहून रेल्वेने जायचे, रेल्वेने यायचे. तत्त्वज्ञान घेणारी पोरं म्हणजे ज्यांना दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही ती. त्यामुळे सरांना शिकवण्याचा त्रास बेताचाच होता. उरलेल्या वेळात त्यांनी गाडीत बसून ग्रीक भाषा शिकून घेतली. ओठ हलवत पाठांतर चालायचं, तेव्हा डब्यातल्या लोकांना वाटायचं, सर कसलातरी मंत्र सिद्ध करतायत. कुणीकुणी उतरताना पायाही पडून जायचं.

मंत्र वगैरे काही नव्हता. जुन्या काळी एका ग्रीक तत्त्वज्ञाने एक अवघड ग्रंथ लिहिला होता. काही शतकांनी दुसऱ्या एका पंडिताने त्यावर भाष्य लिहिलं, आणि त्या भाष्याचं मराठी करायचा सरांनी ध्यास घेतला होता. भाष्यावर नाव एकाचंच, पण जगभरचे अभ्यासक म्हणत होते की पूर्वार्ध तेवढा त्याचा. उत्तरार्ध मूळचा हरवला, आणि पुष्कळ काळाने कुणीतरी भलत्यानेच तो नव्याने लिहून पहिल्याच्या नावावर खपवला. घरात या दोघांना नावं पडली होती थोरला आणि धाकटा. थोरल्यावर सरांची भक्ती. धाकट्याला ते 'तोतया' म्हणायचे, आणि त्याचं नाव निघालं की भाकरीचा तुकडा आमटीत जरा जोरात बुडवायचे.

अरुंधतीला मात्र धाकट्याचा कळवळा होता. ती मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिचं म्हणणं साधं होतं. थोरल्याचं काम अर्धं गेलं, ते कुणीतरी पुरं केलं आणि वर स्वतःचं नावही लावलं नाही, तर त्याला चोर कसं म्हणायचं? चोर घरातून वस्तू नेतो, आणून ठेवत नाही. यावर सर म्हणायचे की तुझ्या शाळेत कॉपी करणाऱ्या पोरींना तू असंच सोडत असशील. मग दोघांपैकी एक जण ताटावरून उठायचं, आणि थोड्या वेळाने दुसऱ्याला विचारायचं, ताक पाहिजे का.

लिहिणाऱ्याचा हात ओळखायची सरांची एक रीत होती, आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. ते म्हणायचे, लिहिण्याची ढब उचलता येते, शब्द उचलता येतात, पण उदाहरण उचलता येत नाही. उदाहरण द्यायची वेळ आली की माणूस आपसूक आपल्या घरात हात घालतो आणि हाताला येईल ते काढतो. थोरला समुद्राकाठचा होता, म्हणून त्याच्याकडे जहाजं, शिडं, बंदरं. धाकटा उदाहरण द्यायला लागला की ताप येतो, नाडी बघतात, काढा देतात. तो वैद्याच्या घरचा. झालं, सापडला. सरांचं स्वतःचंही तसंच होतं. भाष्याच्या प्रत्येक भागाखाली त्यांनी मराठी वाचकासाठी आपलं विवरण जोडलं होतं, आणि ते रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले असल्यामुळे त्या विवरणात पानापानावर सिग्नल पडत होते, इंजिनं सांधे बदलत होती.

निदान पूर्वार्धात तरी.

कारण अर्धं पुस्तक झालं आणि सरांना झटका आला. हातपाय वाचले, पण शब्द गेले. म्हणजे अगदीच गेले नाहीत, घरातच इकडेतिकडे पडल्यासारखे झाले. पाणी मागायचं तर तोंडातून 'तिकीट' निघायचं. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच थांबायचं, आणि सर खिडकीबाहेर बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले, आवडीच्या कामात ठेवा, बोलतं ठेवा. म्हणून अरुंधती रोज सकाळी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसायला लागली. ते सांगायचे, ती लिहायची. जिथे ते थांबायचे तिथे ती टिंबं द्यायची.

एक दिवस तिने आदल्या दिवशीचं वाचून दाखवलं. चार शब्द, मग टिंबं. दोन शब्द, मग टिंबं. सर ऐकता ऐकता लहान मुलासारखे रडायला लागले. तिने लग्नापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्या दुपारी तिने इंग्रजी भाषांतर उघडलं, सरांच्या जुन्या खुणा बघितल्या, कोश काढला आणि टिंबांच्या जागी शब्द भरले. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बराबर." कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला नेमका शब्द होता. त्या एका शब्दासाठी तिने पुढचा सगळा उत्तरार्ध लिहिला.

हळूहळू सरांची वाचा परत आली. तो मधला काळ मात्र त्यांना धुक्यातला रस्ता आठवावा तसा आठवायचा. आजारातसुद्धा आपण अर्धा ग्रंथ सांगून पुरा केला, ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, आणि ऐकवताना ताठ बसायचे. अरुंधती चहा देऊन आत निघून जायची. ज्या काठीच्या आधाराने माणूस उभा राहिला ती काठी त्याची नव्हतीच, हे त्याला सांगून कुणाचं भलं होणार होतं? तिला नावाची हौस नव्हती. भीती एकच होती. हे कळलं तर परत आलेल्या शब्दांवरचा त्यांचा भरवसा उडेल, आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघत बसतील.

आणि आता पुस्तक छापायला गेलं होतं. काकासाहेब हा सरांचा जुना विद्यार्थी, अंबडकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. जालन्याच्या एमआयडीसीत त्याचा छापखाना होता आणि तिथे कपाशीच्या, मक्याच्या बियाण्यांची पाकिटं छापली जायची. पाकिटांचा हंगाम सरला की मशीन मोकळं होतं सर, मंग तुमचंच पुस्तक घेतो, असं तो स्वतः घरी येऊन सांगून गेला होता. त्याने तपासायला छापील पानं पाठवली. सरांनी त्यासाठी प्रस्तावनाही लिहून ठेवली होती आणि ती अरुंधतीला मोठ्याने वाचून दाखवली होती. तीत तोतयाला असं काही झोडपलं होतं की बिचाऱ्या ग्रीकाने थडग्यात कूस बदलली असेल. 'दुसऱ्याच्या नावाच्या पांघरुणात शिरून झोपणारा' असं एक वाक्य होतं. अरुंधती त्या वेळी मेथी निवडत होती. तिने काड्या भाजीत टाकल्या आणि पानं केरात.

मग एका सकाळी सरांची हाक आली, "अगं, इकडं ये जल्दी. माझ्या पुस्तकात कुणीतरी शिरलंय."

ती पदराला हात पुसत गेली. सरांनी पान तिच्यापुढे धरलं. भाष्याचा मुद्दा असा होता: गवंडी घर बांधत नसतो तेव्हाही तो गवंडीच असतो की नाही? काही जण म्हणायचे, काम दिसत नाही तर गुणही नाही. ग्रंथकार म्हणत होता, दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. आणि त्याखाली मराठी विवरण होतं. सरांनी ते वाचायला सुरुवात केली. मोसंबीच्या बागेला बहार धरण्याआधी ताण देतात. पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, वाटेने जाणारा म्हणतो, बाग गेली. पण बागवान रोज जाऊन फांदीला हात लावून बघतो. फूल तेव्हाही लाकडात असतंच. पाणी मिळालं की ते बाहेर येतं, आणि मग वाटेने जाणाऱ्याला वासावरून कळतं.

"पान फर्मास आहे," सर म्हणाले. "सगळ्या पुस्तकात असं पान न्हाई. तेच तर दुखणं आहे. मी रुळावरचा माणूस. मला मोसंबी माहीत ती रसवंतीवरची. ताण म्हणतात हे मला आत्ता कळून राह्यलं. हे मी सांगितलेलं न्हाई, बिलकुल न्हाई."

अरुंधती म्हणाली की कुठे वाचलं असेल, आजारात सांगितलं असेल. सरांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा तो आनंद होता जो तिला फार आवडायचा आणि आज ज्याची तिला धडकी भरली होती. त्यांची रीत त्यांनी मांडून दाखवली. उदाहरण मोसंबीचं, म्हणजे माणूस बागायतदाराच्या घरचा. पुस्तक कुणाकुणाच्या हातात गेलं? काकासाहेबाच्या. काकासाहेब कुठला? अंबडकडचा. घरी काय? मोसंबी. तेव्हा गुरूच्या पुस्तकात शिष्याने आपलं पान घुसवलं, आमच्या घरीच तोतया निपजला. उद्याच्या गाडीने जालन्याला जायचं ठरलं.

आता खरी गंमत पुढे आहे. अरुंधतीचं माहेर अंबडच्या अलीकडचं. वडिलांची, म्हणजे दादांची, मोसंबीची बाग होती, दुष्काळात वाळली आणि भावाने ती मोडली. पण त्याआधी किती वर्षं जावईबापू तिथे दिवाळीला जात होते! जात होते, सासऱ्याने बाज टाकून दिली की झाडाखाली बसत होते आणि ग्रीक वाचत होते. त्यांच्या पुस्तकावर पान पडलं तर ते झटकत होते. वर मान करून झाड कसलं आहे हे त्या गृहस्थाने एकदाही पाहिलं नव्हतं. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं घर उदाहरणावरून ओळखणाऱ्याला बायकोचं माहेर ओळखू आलं नाही. अरुंधतीला त्या रात्री हसू येत होतं आणि झोप येत नव्हती.

छापखान्यात मशीनचा खडखडाट चालला होता आणि मक्याची हिरवी पाकिटं एकावर एक पडत होती. काकासाहेबाने दोघांना खुर्च्या पुसून दिल्या, पाणी दिलं. सरांनी पान पुढे केलं आणि हे काय आहे असं कडक आवाजात विचारलं. वर्गात विचारायचे तसंच.

काकासाहेबाने पान पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "सर, खरं सांगू का, समद्या पुस्तकातलं मला कळलेलं हे एकच पान हाय. मी घरी नेऊन आमच्या वडलांना वाचून दाखवलं. ते म्हनले, हे लिवनारा बागंत उभा राह्यलेला माणूस हाय."

इतक्या भीतीतही अरुंधतीला जे सुख झालं ते तिला लपवता येईना. तिने मान खाली घातली आणि पदर उगाच सारखा केला. काकासाहेबाने ते पाहिलं. तो तत्त्वज्ञानात जेमतेम पास झाला होता, पण माणसं त्याला कळत होती. सर म्हणत होते, म्हणजे तूच ना, तुझ्याच घरची बाग ना. त्याने एकदा बाईंकडे, एकदा सरांकडे पाहिलं.

"हो सर," तो म्हणाला. "चुकी झाली. मीच घातलं."

एवढ्यावर निभावलं असतं. सर चार शब्द बोलले असते, पान काढलं गेलं असतं, घरी जाऊन दोघं जेवले असते. पण प्रेमापोटी गुरूचं पुस्तक छापायला घेणारा तो संसारी गृहस्थ परीक्षेत पकडलेल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होता, आणि सर तोंड उघडत होते.

"त्यानं न्हाई लिहिलं," अरुंधती म्हणाली. "ते झाड माझ्या वडलांचं आहे."

मशीन चालूच होतं. सरांनी पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जणू वर मान करून ते झाड पहिल्यांदा बघत होते.

"हे पान?"

"हे पान. ह्याच्या पुढचं. आणि मागचंही पुष्कळ. तुम्ही सुरू करायचात, मी पुरं करायची. तुम्ही बराबर म्हणायचात."

सरांनी पानं गोळा करून पिशवीत ठेवली, पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायले आणि उठले. दारापर्यंत जाऊन काकासाहेबाकडे वळले आणि म्हणाले की खोटं बोलायला तुला मी शिकवलेलं नव्हतं. न्हाई सर, ते मी धंद्यात शिकलो, असं तो खालमानेने म्हणाला, आणि त्याने दोघांना स्टेशनपर्यंत स्वतःच्या गाडीने सोडलं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. सर खिडकीशी बसले आणि बाहेर बघायला लागले. अरुंधतीला ते बघणं ठाऊक होतं. वर्षभर तिने तेच पाहिलं होतं. तिची नजर त्यांच्या ओठांवर खिळली होती. काहीही बोला, रागवा, मला तोतया म्हणा, पण बोला, असं ती मनात म्हणत होती. शेतं मागे पडत होती, कपाशी वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, आणि सरांच्या तोंडून अवाक्षर निघत नव्हतं. आपण एका पानाच्या मोहात आपल्या हाताने सगळं घालवलं, असं तिला वाटलं. डोळ्यांतलं पाणी तिने वाऱ्याच्या नावावर खपवलं.

रांजणी स्टेशन मागे गेलं तेव्हा सर म्हणाले, "ताण दिला की झाड मरत न्हाई?"

"मरतं कधीकधी. जास्त झाला तर मरतं."

"मंग कळतं कसं, पाणी कधी सोडायचं ते?"

"रोज जाऊन बघावं लागतं. दुसरी युक्ती न्हाई. दादा रोज जायचे, फांदीला हात लावायचे. लोक म्हणायचे, बाग गेली. ते म्हणायचे, आतून चालू आहे."

सरांनी पिशवीतून ते पान काढलं. पुन्हा वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग घडी घालून गुडघ्यावर ठेवलं.

"झाड होऊन मीच आल्तो का ह्यात?"

"दुसरं कोण येणार," अरुंधती म्हणाली. "माझ्याजवळ तेव्हा दुसरं झाडच नव्हतं."

सरांनी तिचा हात हातात घेतला. समोरच्या बाकावर एक म्हातारी पेरूची टोपली घेऊन बसली होती आणि टक लावून बघत होती. लग्नातल्या होमाच्या वेळी भटजींनी सांगितलं म्हणून धरला तेवढाच, त्यानंतर सरांनी चारचौघांत बायकोचा हात धरल्याची नोंद नाही. परतूर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. उतरताना म्हातारीने अरुंधतीला एक पेरू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर सर म्हणाले, कागद घे. प्रस्तावना पुन्हा लिहायची आहे. ती म्हणाली, पुस्तकावर माझं नाव घालायचं असेल तर मी कागदाला हात लावणार नाही. सर म्हणाले, आधी लिही तर खरं. ती त्यांच्यासमोर बसली, आजारपणात बसायची त्याच जागी. ते खुर्चीत मागे टेकले आणि सांगायला लागले. आवाज स्वच्छ होता.

"ह्या भाष्याचा उत्तरार्ध ज्यानं लिहिला त्याला मी आयुष्यभर तोतया म्हणत आलो. त्यानं दुसऱ्याचं नाव का घेतलं, हे मी पुष्कळ शोधलं. लोभानं घेतलं असेल, भीतीनं घेतलं असेल, असं मला वाटलं. त्याला ते काम आणि तो माणूस दोन्ही जगवायचं असेल, हे मला सुचलं न्हाई. आता माझी खात्री पटली आहे. तो तोतया नव्हता. तो"

आणि सर थांबले.

अरुंधतीचा हात कागदावर तसाच राहिला. तिला मान वर करायचा धीर होईना. खिडकी तिथेच होती, खुर्चीही तीच होती. तिने टिंबं द्यायला पेन टेकवलं आणि मग कसंबसं वर पाहिलं. सर खिडकीकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते, आणि हसत होते.

"पुढचं तू लिही," ते म्हणाले.

तिने डोळे पुसले. थोडा विचार केला. मग लिहिलं, 'तो घरातलाच होता.' आणि वाचून दाखवलं.

सरांनी डोळे मिटून ऐकलं. "बराबर," म्हणाले. मग कागद ओढून घेतला, खाली सही केली आणि पेन तिच्यापुढे धरलं. ती नको म्हणायला लागली तसे ते उठलेच.

"सही कर," ते आत जाता जाता म्हणाले. "चहा मी टाकतो. साखरेचा डबा कुठला, तेवढं सांग."